चौकड्यांची शाल

गेल्या ऑक्टोबरात बाबांसाठी शाल घ्यायला मी एडिनबराच्या रॉयल माईल रस्त्यावरच्या एका दुकानात गेले होते. थंडी नुकतीच सुरू झालेली, दगडी रस्ता पावसाने काळाभोर झालेला, आणि कोपऱ्यावर एकजण बॅगपाइप वाजवत होता, त्या आवाजाने दुकानाची काच थरथरतेय असं वाटत होतं. आत भिंतभर लाकडी कप्पे, त्यांत टार्टन, म्हणजे इथलं चौकड्यांचं लोकरी कापड, आणि प्रत्येक कप्प्यावर एकेका कुळाचं नाव. मॅकडोनाल्ड, कॅम्पबेल, फ्रेझर, मॅकेन्झी. काउंटरवरच्या मुलीने मला आडनाव विचारलं, मी सांगितलं, तिने दोनदा म्हणून बघितलं आणि मग अगदी मनापासून सॉरी म्हणाली, तुमच्या नावाचं टार्टन आमच्याकडे नाहीये, पण रॉयल स्टुअर्ट कुणीही वापरलं तरी चालतं. लालभडक, त्यात हिरव्या-निळ्या पट्ट्या आणि मधून पिवळ्या-पांढऱ्या बारीक रेघा. हात लावला तर लोकर जाड पण मऊ. बाबांना लाल रंग आवडतो. घेतली.

घरी आले तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. मी त्यांना मनातल्या मनात आजीच म्हणते, तोंडावर मात्र नावाने हाक मारते कारण इथे तसंच चालतं. ऐंशीच्या पुढच्या आहेत, एकट्या राहतात, रोज संध्याकाळी जिन्याच्या खिडकीपाशी उभ्या राहून रस्ता बघतात. मी हौसेने पिशवीतून शाल काढून दाखवली. त्यांनी एक टोक बोटांत धरलं, चोळून बघितलं, जसं आपल्याकडच्या बायका साडीचा पोत बघतात ना अगदी तसं, आणि म्हणाल्या लोकर चांगली आहे. मग थोडं थांबून म्हणाल्या, "आमच्या घरात हे असलं कधी नव्हतं. माझ्या आजीच्या पणजीकडे एक पांघरूण होतं, पण ते घराबरोबर जळालं." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. रागाने नाही, चहाचं पाणी ठेवायचं असल्यासारखं.

ती शाल मी बाबांना पाठवलीच नाही.

म्हणजे ठरवून असं नाही. कुरियरवाल्याकडे जायचं, जायचं म्हणता म्हणता ती कपाटातच राहिली आणि कपाट उघडलं की लाल रंग दिसायचा आणि आजींचं ते वाक्य आठवायचं. मी मूळची साताऱ्याची, इथे येऊन सहा वर्षं झाली, आणि खरं सांगायचं तर मी या शहरात नोकरीसाठी आले तेव्हा मनात नोकरीपेक्षा वॉल्टर स्कॉट जास्त होता. एम.ए.ला असताना त्याच्या कादंबऱ्या मी झपाटल्यासारख्या वाचल्या होत्या. पहिल्या दिवशी ट्रेनमधून उतरले तर स्टेशनचं नाव वेव्हर्ली! कादंबरीचं नाव एका अख्ख्या रेल्वे स्टेशनला देणारं गाव, मला तिथेच प्लॅटफॉर्मवर गहिवरून आलं होतं. बाहेर आलं की समोर स्कॉटचं स्मारक, साधारण दोनशे फूट उंच, धुराने काळवंडलेलं, आतल्या चिंचोळ्या जिन्याला २८७ पायऱ्या. जॉर्ज मेकल केम्प नावाच्या सुताराने त्याचं डिझाईन केलं, आणि काम पुरं व्हायच्या आधीच १८४४ साली तो कॅनॉलमध्ये बुडून गेला. खाली पांढऱ्या संगमरवरात स्कॉट बसलाय, अंगावर मेंढपाळासारखं वस्त्र लपेटलेलं आणि पायाशी त्याचा लाडका कुत्रा, मायदा. ऑफिसातून येताना मी कितीतरी वेळा त्या कुत्र्याकडे बघत बसची वाट बघितलीय. तो कुत्रा कुणी दिला होता ते मात्र मला आजींच्या त्या वाक्यानंतर शोधाशोध करताना कळलं, आणि ते कळल्यापासून मी तिकडे पूर्वीसारखं बघू शकत नाही. सांगते पुढे.

आधी 'वेव्हर्ली' या कादंबरीबद्दल सांगायला हवं, कारण माझा सगळा जीव तिच्यात अडकलाय. स्कॉट हा एडिनबराचा वकील, इंग्लंडच्या सीमेकडच्या घराण्यातला, म्हणजे हायलंडच्या, उत्तर स्कॉटलंडच्या डोंगरातला नव्हेच. लहानपणी आजाराने एक पाय अधू झाला म्हणून त्याला आजोबांच्या शेतावर ठेवलं होतं, तिथे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून त्याने लढायांच्या गोष्टी ऐकल्या. पुढे वडिलांच्या एका अशिलाकडून, स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळावी म्हणून झालेल्या १७४५ च्या बंडात प्रत्यक्ष तलवार चालवलेल्या इनव्हरनाहाइलच्या स्टुअर्टकडून, आणखी ऐकल्या. या म्हाताऱ्याने प्रेस्टनपॅन्सच्या लढाईत एका इंग्रज बाजूच्या अधिकाऱ्याला वाचवलं होतं आणि बंड मोडल्यावर त्याच अधिकाऱ्याने खटपट करून याला माफी मिळवून दिली. ही हकीकत जवळजवळ तशीच 'वेव्हर्ली'त उतरली आहे. स्कॉटने ती लिहायला घेतली १८०५ साली, थोडी लिहून बाजूला टाकली, आणि कितीतरी वर्षांनी मासे पकडायचं सामान शोधताना जुन्या टेबलाच्या खणात ते कागद परत सापडले. ७ जुलै १८१४ ला पुस्तक आलं, लेखकाचं नाव न घालता. हजार प्रती काही आठवड्यांत संपल्या.

त्यातला एडवर्ड वेव्हर्ली हा तरुण इंग्रज अधिकारी उत्तरेला येतो आणि हायलंडच्या एका कुळाचा प्रमुख फर्गस मॅकआयव्हर याच्या प्रेमातच पडतो म्हणा ना, त्याचा रुबाब, त्याचा दरबार, त्याची बहीण फ्लोरा, धबधब्यापाशी वाजवलेली वीणा. मग राजपुत्र चार्ल्सचं बंड, विजय, मग पराभव. फर्गसला कार्लाइलला फाशीची शिक्षा होते. पण मला पहिल्यापासून जे पान विसरता येत नाही ते फर्गसचं नाहीच, ते एव्हन धूचं आहे. हा फर्गसचा साधा माणूस, तोही त्याच्याबरोबर आरोपी. कोर्टात शिक्षा सुनावण्याआधी तो उठतो आणि मोडक्यातोडक्या भाषेत न्यायाधीशांना म्हणतो की आमच्या प्रमुखाला सोडा, त्याच्या बदल्यात कुळातली सहा चांगली माणसं मरायला तयार आहेत, मला गावी जाऊ द्या, मी स्वतः त्यांना घेऊन येतो, आणि पहिला नंबर माझाच लावा. कोर्टात हशा पिकतो. एव्हन मागे वळून बघतो. तो म्हणतो, माझ्यासारख्या गरिबाच्या सहा जिवांची किंमत एका मोठ्या माणसाएवढी नाही म्हणून हसत असाल तर हसा, पण मी शब्द देऊन परत येणार नाही असं वाटून हसत असाल तर तुम्हाला हायलंडच्या माणसाचं काळीज माहीत नाही. मग कुणी हसत नाही. न्यायाधीश त्याला म्हणतात, दयेचा अर्ज कर, आम्ही विचार करू, आणि तो नाही म्हणतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी होस्टेलच्या गच्चीवर होते आणि पुस्तक मिटून टाकीला टेकून बराच वेळ तशीच बसले होते.

फ्लोराचंही तसंच. बंडासाठी भावाला पेटवणारी ती, शेवटी त्याच्या कफनाचं कापड शिवत बसलेली असते आणि म्हणते की माझ्या मनाच्या ज्या ताकदीचा मला अभिमान होता तिनेच माझ्या भावाला मारलं. फार मोठं मन लागतं हे लिहायला. ज्या लढ्याबद्दल आपल्याला ओढ वाटते त्याची किंमत कुणी मोजली ते असं कफनाच्या सुईदोऱ्यात दाखवायचं.

पण मग शेवट येतो. वेव्हर्लीचं लग्न दुसऱ्याच मुलीशी होतं, शांत स्वभावाच्या रोझशी, आणि तिच्या वडिलांच्या दुरुस्त केलेल्या वाड्यात जेवणाच्या खोलीत एक मोठं तैलचित्र लावलेलं असतं. फर्गस आणि वेव्हर्ली, दोघंही हायलंडच्या वेषात, मागे डोंगराची खिंड. शेजारी वेव्हर्लीने बंडात वापरलेली हत्यारं टांगलेली. सगळे बघतात, कौतुक करतात, डोळे ओले होतात, आणि जेवायला बसतात. विद्यार्थी असताना मला तो शेवट गोड वाटला होता. गेल्या हिवाळ्यात परत वाचला तेव्हा एक गोष्ट दिसली जी आधी नजरेतून सुटली होती. त्या चित्रात खिंडीतून उतरणारं कूळ आहे, पण मागे, पार्श्वभूमीला. एव्हन धू तिथेच असणार, बोटाच्या नखाएवढा. सहा जिवांचा सौदा करायला उभा राहिलेला माणूस चित्रात रंगाचा एक ठिपका आहे.

आजींची माणसं त्या ठिपक्यांत होती.

हे कळल्यावर मी एका शनिवारी नॅशनल गॅलरीत गेले, कारण तिथे खरंच तसं एक चित्र आहे. रेबर्नने काढलेलं, १८१२ चं, ग्लेनगॅरीच्या कुळाच्या प्रमुखाचं, मॅकडोनेलचं. पूर्ण उंचीचा माणूस, पायापासून डोक्यापर्यंत टार्टन, हातात लांब बंदूक, मान एका बाजूला वळवलेली, मागे अंधाऱ्या भिंतीवर ढाल-तलवारी. डावीकडून उजेड येतो आणि त्याच्या गुडघ्यावर, मोज्यांच्या चौकड्यांवर पडतो. सुंदर आहे, अगदी कबूल. स्कॉटचा हा दोस्त, आणि फर्गसचं पात्र उभं करताना स्कॉटच्या डोळ्यांसमोर हाच होता असं पुष्कळांनी म्हटलंय. खऱ्या हायलंडवाल्यांची म्हणून त्याने १८१५ साली एक मंडळीही काढली होती. आणि याच ग्लेनगॅरीच्या घराण्याने, त्याच्या आईने आणि मग त्याने स्वतः, आपल्याच कुळातल्या माणसांना जमिनीवरून उठवून तिथे मेंढ्या आणल्या. माणसं जहाजात बसून कॅनडाला गेली, तिथल्या एका काउंटीचं नावच ग्लेनगॅरी आहे. मायदा हा कुत्रा स्कॉटला भेट दिला होता तो याच ग्लेनगॅरीने.

चित्रासमोरच्या बाकावर मी किती वेळ बसले होते आठवत नाही. शेजारी एक शाळेचा ग्रुप आला, बाई मुलांना विचारत होत्या की हा माणूस शूर वाटतो का, आणि सगळी मुलं एका सुरात हो म्हणाली.

हे सगळं असं का झालं ते समजून घेताना एक साखळी दिसत जाते. १७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत बंड संपलं, आणि मग सरकारने एकामागून एक कायदे केले. हायलंडचा पोशाख पुरुषांना आणि मुलग्यांना बंद, पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं काळं पाणी. ही बंदी १७८२ पर्यंत होती, म्हणजे दोन पिढ्या. त्याच सुमाराला कुळाच्या प्रमुखांचे न्यायनिवाड्याचे हक्क काढून घेतले. पूर्वी प्रमुखाची ताकद मोजायची ती त्याच्या हाकेला किती माणसं तलवार घेऊन येतात त्यावर. आता माणसांचा उपयोग उरला नाही, जमीन किती भाडं देते ते महत्त्वाचं झालं, आणि जमीन सगळ्यात जास्त भाडं द्यायची ती दक्षिणेकडून आलेल्या मेंढ्यांमुळे. ज्याच्यासाठी एव्हन धू कोर्टात उभा राहिला त्याचे वारसदार जमीनदार झाले. मला यातला सगळ्यात दुखरा भाग हाच वाटतो, की हाकलणारे परके नव्हते, एकाच आडनावाचे होते.

आणि पोशाख परत आला तो दुसऱ्याच वाटेने. १८२२ च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत स्कॉटलंडात पाऊल टाकणारा पहिला राजा, आणि त्या दोन आठवड्यांची सगळी आखणी स्कॉटने केली. कुणी कुठे उभं राहायचं, काय घालायचं, सगळं. राजाने स्वतः किल्ट, तो गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, घातला, लालभडक रॉयल स्टुअर्ट, आतून मांसाच्या रंगाचे तंग पायजमे. ज्या लोलंडच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल भागातल्या लोकांनी आयुष्यभर हायलंडवाल्यांना गुरंचोर म्हटलं होतं ते सगळे त्या पंधरवड्यात टार्टन शोधत फिरत होते. बॅनकबर्नचे विल्सन नावाचे विणकर, त्यांच्याकडच्या कित्येक नमुन्यांना आधी नुसते नंबर होते, त्यांना हळूहळू कुळांची नावं चिकटत गेली. एका माणसाच्या लेखणीने आख्ख्या देशाला एक चेहरा दिला, आणि लोकांनी तो मनापासून आपला मानला, आजही मानतात. गेल्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या एकाचं लग्न झालं तेव्हा त्याचे वडील किल्टमध्ये होते आणि मुलाच्या किल्टचा पट्टा नीट करताना त्यांचे हात थरथरत होते. ते खोटं कसं म्हणू मी? दोनशे वर्षं माणसं ज्या कापडात लग्नं करतात आणि ज्यात मयताला खांदा देतात, ते कापड कुठून का येईना, त्यांचंच झालेलं असतं.

पण बाबांची शाल त्याच राजाच्या नमुन्याची होती, हेही खरं.

माझं मन इतकं का अडकलं याचं कारण साताऱ्यात आहे. आजोबांकडे एक पत्र्याची ट्रंक होती, उघडली की जुन्या कागदाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा, आणि तिच्यात हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' होती, पुठ्ठा सुटलेली, दोऱ्याने बांधलेली. मे महिन्याच्या दुपारी आजोबा ती मोठ्याने वाचायचे आणि आम्ही सगळी भावंडं शहाबादी फरशीवर पालथी पडून ऐकायचो. विजापूरची इमानेइतबारे चाकरी करणारा किल्लेदार बाप आणि महाराजांकडे ओढला जाणारा त्याचा मुलगा, दोघांच्या मधला तो ताण, आजोबांचा आवाज बापाचं बोलणं वाचताना जड व्हायचा. पुढे एम.ए.ला बाईंनी वर्गात सांगितलं की हरिभाऊंनी स्कॉट वाचला होता आणि ऐतिहासिक कादंबरीची ही रीत, म्हणजे खऱ्या इतिहासपुरुषाला थोडं लांब ठेवायचं आणि एका कल्पित तरुणाच्या डोळ्यांनी तो काळ दाखवायचा, ही तिकडून आली. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आपल्या घरातली गोष्ट शेजारच्यांची निघाल्यासारखं. रागारागानेच मी 'वेव्हर्ली' लायब्ररीतून आणली, आणि मग कळलं की रीत तीच असली तरी भाव अगदी उलटा आहे. हरिभाऊ पहाटेबद्दल लिहितात, पुढे काय उजाडणार ते वाचणाऱ्याला माहीत असतं आणि छाती भरून येते. स्कॉट सूर्य बुडाल्यावर लिहितो. त्याच्या वीराला वाचणाऱ्याने जीव लावायचा तो वीर हरलेला आहे, त्याचा आता कुणालाच धोका नाही, हे ठाऊक असताना. स्वतः स्कॉट इंग्लंडशी झालेल्या एकीच्या बाजूचा, राजनिष्ठ माणूस, फर्गस जिंकावा असं त्याला कधी वाटलं नसणार. आणि तरी फर्गसबद्दल लिहिताना त्याचा हात भरून येतो.

या वीरांबद्दल मी जितका विचार करते तितकं मला वाटतं की स्कॉटला स्वतःलाही हे कुठेतरी सलत होतं. 'रॉब रॉय'मध्ये ग्लासगोचा व्यापारी बेली जार्व्ही, नात्याने रॉब रॉयचा भाऊच लागणारा, चांगल्या मनाने सुचवतो की तुझ्या पोरांना माझ्याकडे पाठव, मागावर बसवतो, कापड विणायला शिकतील. रॉब रॉय भडकतो, शिव्या घालतो, माझी मुलं विणकर? दोघंही खरे आहेत त्या जागी. आणि १८१६ साली एका लेखात स्कॉटने ओसाड पडत चाललेल्या दऱ्यांबद्दल हळहळ लिहिलीय. तो आंधळा नव्हता. पण ज्या ताकदीने त्याने ते तैलचित्र रंगवलं त्या ताकदीने त्याने पेटलेलं घर रंगवलं नाही, आणि याबद्दल मला त्याच्याशी भांडायचं आहे, जसं आपण आपल्या आवडत्या माणसाशीच भांडतो.

मी सगळ्यात जास्त वेळा वाचलेली त्याची कादंबरी मात्र वेगळीच, 'हार्ट ऑफ मिडलोथियन', १८१८ ची. तिच्यात ना प्रमुख आहे ना तलवार. जीनी डीन्स, गाई राखून दूध विकणाऱ्या बापाची मुलगी, दिसायला साधी. तिच्या बहिणीवर, एफीवर, नवजात बाळाला मारल्याचा आरोप असतो. कायदा असा की गरोदरपण कुणालाही सांगितलं नाही तर तोच पुरावा धरायचा. जीनीने कोर्टात एवढंच म्हणायचं की एफीने मला सांगितलं होतं, बहीण सुटली असती. सांगितलेलं नसतं. जीनी खोटं बोलत नाही. एफीला फाशीची शिक्षा होते, आणि मग ही मुलगी माफी मागायला एडिनबराहून लंडनला निघते, बराचसा रस्ता पायी. अनवाणी, डोक्यावरून चौकड्यांचं वस्त्र घेऊन. डरहॅम सोडून पुढे गेल्यावर लोक तिच्या पायांना आणि त्या वस्त्राला हसायला लागतात, तेव्हा ती वस्त्र घडी करून बोचक्यात ठेवते आणि बूट-मोजे घालते. लंडनला अर्गाइलच्या ड्यूकसमोर जाताना तेच वस्त्र परत काढून अंगावर घेते, आणि ड्यूक म्हणतो की हे टार्टन बघून माझं काळीज हललं नाही तर ते मेलेलंच समज.

ही बाई खरी होती. डमफ्रीसजवळच्या आयर्नग्रेची हेलन वॉकर, तिनेही बहिणीसाठी असंच केलं, आणि म्हातारपणी कोंबड्या पाळून आणि मोजे विणून पोट भरलं. १७९१ ला गेली. स्कॉटला तिची हकीकत एका पत्रातून कळली, आणि १८३१ साली, स्वतः कर्जात बुडालेला आणि आजारी असताना, त्याने तिच्या कबरीवर दगड बसवला. मी तिथे गेले होते मार्चमध्ये. छोटं चर्च, ओलं गवत, आणि दगडावर शेवाळ. जीनीच्या अंगावरचं टार्टन कुठल्या कुळाचं होतं याची स्कॉटने फिकीर केलेली नाही. ते थंडीसाठी होतं.

तिथून परत आले त्या संध्याकाळी मी आजींचं दार वाजवलं आणि विचारलं की तुमचं गाव नक्की कुठलं. त्या म्हणाल्या, स्ट्रॅथनेव्हर.

स्ट्रॅथनेव्हर हे नाव मी तोपर्यंत वाचून ओळखत होते. सदरलंडच्या काउंटेसची जमीन, पॅट्रिक सेलर तिचा कारभारी, आणि १८१४ चा जून. गेलिकमध्ये, हायलंडच्या जुन्या भाषेत, त्या सालाला जाळपोळीचं वर्ष म्हणतात. माणसं बाहेर काढायची आणि परत राहायला येऊ नयेत म्हणून घराच्या छपरांना आग लावायची. डोनाल्ड मॅक्लाउड नावाच्या गवंड्याने पुढे लिहून ठेवलंय की जवळजवळ शंभरीची एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी, मार्गारेट मॅके, तिला बाहेर काढेपर्यंत तिच्या पांघरुणाने पेट घेतला होता. पाचेक दिवसांत ती गेली. सेलरवर १८१६ मध्ये इनव्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. आग लागली जूनच्या मध्याला, आणि 'वेव्हर्ली' एडिनबराच्या दुकानात आली ७ जुलैला. महिनासुद्धा झाला नव्हता. शहरात लोक फर्गससाठी रडत होते तेव्हा तिकडे राख पुरती निवलीही नसेल.

मे महिन्यात मी गाडी काढली आणि आजींना घेऊन गेले. वीसेक वर्षांत त्या तिकडे गेल्या नव्हत्या. इनव्हर्नेसनंतर वस्ती विरळ होत जाते, लेर्गच्या पुढे तर रस्ता एकाच गाडीपुरता, समोरून कुणी आलं की बाजूच्या कट्ट्यावर थांबायचं आणि हात करायचा. पिवळी काटेरी फुलं दोन्ही बाजूंना पेटल्यासारखी, त्यांना खोबऱ्यासारखा वास येतो. आजी फारशा बोलत नव्हत्या. सायरच्या जवळ रोसल नावाचं गाव होतं, आता त्याच्याभोवती जंगल खात्याची झाडी आहे आणि मधला माळ मोकळा ठेवलाय. पायवाटेने आजी हळूहळू चालल्या, माझ्या दंडाला धरून. वर पोचलं तर काय दिसतं? काहीच नाही आधी. मग डोळे सरावले की गवतात गुडघ्याएवढ्या दगडी ओळी दिसायला लागतात, लांबट चौकोन, एक घर, पलीकडे दुसरं, कणगीची जागा. घरं जिथे होती तिथलं गवत बाकी माळापेक्षा जास्त हिरवं आहे, गुरं आणि माणसं एका छपराखाली राहायची म्हणून जमीन अजून कसदार असेल. एका दगडावर मी हात ठेवला, उन्हाने कोमट झाला होता.

आजी एका भिंतीवर बसल्या. वारा नदीकडून येत होता, मे असून बोचरा. मी गाडीतून निघताना पिशवीत काय काय भरलं होतं त्यात ती शालही होती, का घेतली होती ते मला नीट सांगता येणार नाही. काढावी की नाही असं दोन मिनिटं झालं. मग काढली आणि त्यांच्या गुडघ्यांवर टाकली. त्यांनी खाली बघितलं, लाल रंगावरून हात फिरवला आणि ती ओढून कमरेपर्यंत घेतली.

थोड्या वेळाने म्हणाल्या की त्यांची आजी याला प्लाइड म्हणायची. गेलिकमध्ये त्याचा अर्थ नुसतं पांघरूण. बाकी भाषा त्यांना येत नाही, असे दहा-बारा शब्द राहिलेत, बहुतेक स्वयंपाकघरातले आणि अंथरुणातले. मग मला विचारलं, तुमच्यात काय म्हणतात?

मी म्हणलं, घोंगडी.

त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. घ त्यांना जमत नव्हता.